मामांचं नाक

उंबऱ्यात चप्पल काढायच्या आधी ते नाक वर करायचे. एकदा उजव्या नाकपुडीनं, एकदा डाव्या, असा दोनदा श्वास आत ओढायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. काम संपवून निघताना पुन्हा तोच कार्यक्रम, आणि त्यावर निकाल: "वास न्हाय. निवांत झोपा." कसबा बावड्याची आमची अख्खी कॉलनी या चार शब्दांवर भरवसा ठेवून रोज अंथरुणाला पाठ टेकत होती.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण घर सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गॅसची शेगडी दुरुस्त करणारे मामा. आधी साखर कारखान्यात फिटर होते. हात तिथंच तयार झाला, आणि नाकसुद्धा तिथंच तयार झालं असा त्यांचा दावा होता. हंगामात बावड्यात मळीचा वास काय असतो ते राहिलेल्यालाच कळेल. नवा पाहुणा पहिल्या दिवशी धड जेवत नाही. "त्या वासातनं मी गॅसचा वास येगळा काढतो बाई," मामा मला सांगायचे, "तांदळातनं खडा काढावा तसा." मी शाळेत शिकवायची म्हणून मला बाई म्हणायचे. माझ्या सासूबाईंना आक्का म्हणायचे आणि माझ्या नवऱ्याला साहेब. साहेब म्हणताना मात्र आवाजात जरा खोड असायची.

आमच्या घरी गॅस आला तो नव्वद सालानंतर, बरीच वर्षं नंबरची वाट बघून. तोवर वातीचा स्टोव्ह होता आणि त्याच्या काजळीनं आमची सगळी पातेली बाहेरून एकाच जातीची दिसायची. गॅस आला त्या दिवशी सासूबाईंनी टाकीला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावायला निघाल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला, आणि मग त्या रागावून सोप्यात जाऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात आल्या नाहीत. गारगोटीकडच्या खेड्यात पन्नास वर्षं चुलीपुढं काढलेली बाई. लोखंडाच्या टाकीत कोंडलेला वायू घरात ठेवायचा हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. शेवटी मामांना बोलावलं. मामांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "आक्का, टाकी गरीब हाय. नळी द्वाड असती. नळीवर ध्यान ठेवा, टाकीवर न्हाय." सासूबाईंना हे एकदम समजलं. घरातलं कोण गरीब आणि कोण द्वाड हे एकदा कळलं की त्यांना कुठंही राहता यायचं.

मामांची कामाची रीत मी इथं नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्यांच्या पिशवीत दोन पाने, एक पिन, चार वॉशर आणि एका डबीत दाढीचा जुना ब्रश असायचा. गॅस कुठून गळतो ते बघायला साबणाचा फेस करून ब्रशनं नळीला आणि जोडांना लावतात. गळत असेल तिथं फुगा येतो. पण मामा आधी हुंगायचे. वास आला तरच ब्रश बाहेर. वास नाही तर फेसाची गरज नाही. "फेस लावणं म्हंजे नाकावर इश्वास न्हाय असं झालं," असं ते म्हणायचे. दुसरे दुरुस्तीवाले सरसकट फेस लावत, त्यांना मामा 'धोबी' म्हणायचे.

शेगडी उघडली की मामा ती वाचायचे. बर्नरच्या भोकांत काय अडकलंय त्यावरून घरातलं सगळं सांगायचे. एकदा आमचा बर्नर हातात घेऊन पिन फिरवता फिरवता म्हणाले, "बाई, दूध बघायचं काम साहेबांच्याकडं हाय न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दूध एकाच बाजूला सांडतंय. माणूस त्या अंगाला पेपर धरून उभा ऱ्हातोय, आन् पेपर भिजू नये म्हणून पातेलं पलीकडं सारतोय."

माझा नवरा त्यानंतर आठवडाभर पेपर बाहेरच्या खोलीत वाचायचा. दूध तरीही सांडत राहिलं, फक्त आता सगळ्या बाजूंनी.

काम झालं की चहा. हा पाहुणचार नव्हता, ती तपासणी होती. दुरुस्त केलेल्या शेगडीवर मामा स्वतः चहा टाकायचे, कपानं पाणी मोजून, आणि उकळी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायचे. आकडे ठरलेल्या ठिकाणी संपले की शेगडी पास. चहा पिताना पुन्हा नाक. "आलं वाळलंय बाई." "दूध सकाळचं न्हाय, कालचं हाय." "हे पातेलं तुम्ही रश्शाला वापरता." मला या तपासणीचा रागच यायचा, पण एकदाही ते चुकले नाहीत, त्यामुळं राग आतल्या आत ठेवावा लागायचा. दिवसाला सात-आठ घरं म्हणजे सात-आठ चहा. संध्याकाळी सायकल थांबवून कुणाशी बोलताना चहाच्या तरतरीनं त्यांचा एक पाय नुसताच हालत असायचा.

विजेच्या शेगडीवर त्यांचा विशेष दात होता. टाकी संपली की दुसरी यायला दिवस लागायचे, म्हणून मी एक कॉइलची शेगडी घेऊन ठेवली होती. मामांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरात परकी बाई बसलेली दिसावी तसं तोंड केलं. म्हणाले, "ही थोरल्या जावंसारखी हाय. तापायला येळ लावती, आन् एकदा तापली की गार व्हायचं नाव न्हाय." मी म्हटलं, काहीतरीच. दुसऱ्याच दिवशी दूध वर आलं, मी बटण बंद केलं आणि निश्चिंत उभी राहिले. गॅस बंद केला की दूध खाली बसतं ही सवय हाताला लागलेली. इथं बटण बंद, आणि दूध आपलं चढतंच आहे. लाल कॉइलवर दूध पडलं, फट्‌ आवाज झाला आणि आमच्या घराचा फ्यूज गेला. मामा आले, जळकी कॉइल बघितली आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. नळ्या बदलल्या, शेगड्या बदलल्या, लोखंडाच्या जाऊन स्टीलच्या आल्या, काचेच्या आल्या. मामांचे केस पांढरे झाले. सासूबाई आणि मामा यांची मात्र आता चांगली गट्टी जमली होती. त्या दोघांत जे संभाषण चालायचं त्याला परक्या माणसानं भांडण म्हटलं असतं.

मग एका उन्हाळ्यात मला पहिली शंका आली. मामा आले, बर्नर साफ केला, चहा टाकला. त्या दिवशी दूध तळाला लागलं होतं. मला माहीत होतं, आणि मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, बघू काय म्हणतात म्हणून. त्या चहाला असा करपट वास होता की सासूबाईंनी कप तोंडापासून लांब धरला. मामांनी घोट घेतला. मी वाट बघत राहिले.

"झकास," मामा म्हणाले.

मला वाटलं वय झालं, माणूस मऊ झाला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, की एकदाचा बोलणारा गप्प बसला. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पंधरा दिवसांनी आमचा रेग्युलेटर नीट बसेना म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी वॉशर बदलला, रेग्युलेटर दाबून बसवला, कळ फिरवली, ओट्याखाली वाकून दोनदा हुंगलं. "वास न्हाय," म्हणाले आणि चहाचं पातेलं पुढं ओढलं.

मला वास येत होता. चांगला भपकन येत होता. पण मामांनी नाही म्हटलेलं, म्हणून मी दोन क्षण स्वतःच्या नाकावर संशय घेत उभी राहिले. तेवढ्यात सोप्यातनं सासूबाईंचा आवाज आला, "अगं, गॅसचा वास यायलाय की! काय करायलाय तिथं?"

"न्हाय आक्का, काय वास न्हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी काडेपेटी उघडली.

पंचाहत्तरीची बाई त्या दिवशी कशी धावली ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी मामांच्या हातावर फटका मारला. काड्या फरशीवर पसरल्या. मी कळ बंद केली, खिडक्या उघडल्या, दार उघडलं. मामांनी पिशवीतली डबी काढली, साबणाचा फेस केला, ब्रशनं रेग्युलेटरच्या जोडाला लावला आणि मला कळ जराशी फिरवायला सांगितली. लिंबाएवढा फुगा आला.

मामा त्या फुग्याकडं बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, फुगा दिसतोय मला. वास न्हाय येत."

थंडीत जोराची सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास परत आला नाही. येईल आज-उद्या म्हणून ते थांबले होते. चार महिने झाले होते. डॉक्टरला दाखवलं होतं, त्यानं थेंब दिले होते. या चार महिन्यांत ते रोज घरोघर जात होते, नाक वर करत होते आणि लोकांना निवांत झोपायला सांगत होते.

मला त्यांची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. माझ्या स्वयंपाकघरात काडी ओढली जाणार होती. मी म्हटलं, "मामा, तुम्ही सगळ्यांना सांगा, नाहीतर मी सांगते. आजच."

"दोन दिस द्या बाई," ते म्हणाले. "सांगून काय व्हणार? लोक दुसऱ्या मिस्त्रीला बोलावतील, तो येणार कवा? तवर नळ्या तशाच. मी जाऊन समद्या परत बघतो. फेस लावून बघतो."

"आणि फेस लावायच्या आधीच कुठं गळत असेल तर? दारात शिरताना कसं कळणार?"

उत्तर सासूबाईंकडं होतं. त्या काड्या गोळा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी येतो की. माझं नाक हाय."

ती दोन दिवसांची फेरी आमच्या कॉलनीत कोण विसरलं असेल असं मला वाटत नाही. मी शाळेत रजा टाकून दोन्ही दिवस त्यांच्या मागं होते, कारण या दोघांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. मामांकडं हिशेबाची वही नव्हती, नावंही लक्षात नव्हती. त्यांना शेगड्या लक्षात होत्या. "हितं डाव्या अंगाचा बर्नर तिरका," म्हणत ते एका दारापुढं थांबायचे, आणि आत खरोखरच तसा बर्नर निघायचा. पुढं सासूबाई, कासोटा घट्ट मारलेला, नाक वर. मागं मामा, हातात साबणाचा मग आणि दाढीचा ब्रश. आम्ही कुणाची तरी दाढी करायला निघालोय असंच लोकांना वाटलं असणार.

पहिल्या घरी मामांनी सांगितलं, "मोफत तपासणी हाय." त्या बाईनं दार अर्धं लावून विचारलं, "मोफत कशापायी? काय विकायलाय?" दुसऱ्या घरीही तेच. कोल्हापुरात फुकट म्हटलं की माणूस आधी खिसा दाबतो. तिसऱ्या दारात मामांचा धीर संपला. ते मोठ्यानं म्हणाले, "माझं नाक गेलंय! चार म्हैने गेलंय! तुमची शेगडी मी नाक नसताना बघितलीया, म्हणून आता आक्काचं नाक घेऊन आलोय. सरा बाजूला." घरातली माणसं खदखदून हसली. मामा चेष्टा करतायत असं समजून त्यांनी आम्हाला मानानं आत घेतलं. त्यानंतर प्रत्येक दारात मामांनी हेच सांगितलं, आणि प्रत्येक घर हसलं. एवढं खरं बोलून एवढा कमी विश्वास मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सासूबाईंना मात्र नवा जन्म मिळाला होता. त्या गॅस तर हुंगायच्याच, पण बाकीचंही सोडायच्या नाहीत. "गळत न्हाय. पण लसूण करपवलीस बघ." "गळत न्हाय. डाळ आंबलीया, टाकून दे." एका घरी म्हणाल्या, "गळत न्हाय. तुझा नवरा बिडी वढतोय, तुला म्हाईत हाय का?" तिला माहीत नव्हतं. तिथनं आम्ही घाईनं निघालो.

पहिल्या दिवशी एका घराचा वॉशर सैल निघाला, बाकी सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पाच-सहा घरं राहिली तेव्हा मामा शीळ घालायला लागले होते. मला वाटायला लागलं की आपण उगाच एवढं ताणलं.

ते घर कोपऱ्यावरचं होतं. तिथं मुलगी बाळंतपणाला आली होती, दहावा-बारावा दिवस असेल. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. आत बाळंतिणीला शेक द्यायला निखाऱ्यांची शेगडी पेटवलेली, त्यावर ओवा, शेपा, लसणीची टरफलं टाकलेली. धुरीचा वास बाहेरपर्यंत येत होता. मला तेवढाच वास आला. सासूबाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी हात आडवा केला.

"मामा, त्या शेगडीला बाहेर काढ आधी."

साबणाचा मग आणि ब्रश पायरीवर ठेवून मामा सरळ आत गेले, बाळंतिणीच्या खोलीतली निखाऱ्यांची शेगडी दोन्ही हातांनी कडेला धरून उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. हात भाजले. मग स्वयंपाकघरात जाऊन टाकीची कळ बंद केली. सासूबाईंनी खिडक्या उघडल्या, बाळंतिणीची आई ओरडायला लागली की लेकीला वारा लागेल, आणि सासूबाई तिच्यावर त्याहून मोठ्यानं ओरडल्या. रबरी नळीला ओट्याच्या कडेशी बारीक चीर होती. महिन्यापूर्वी मामांनीच त्या घरात बर्नर बदलला होता, आणि जाताना तेच चार शब्द बोलले होते.

त्यांनी स्वतःच्या पिशवीतली नवी नळी बसवली, फेस लावला, फुगा आला नाही, पुन्हा लावला. नंतर पायरीवर बसले. बाळ आत रडत होतं. मामा ते ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला भाजलेले हात उपयोगाचे नव्हते, म्हणून सासूबाईंनी आपल्या पदरानं पुसले. "चल, अजून चार घरं हायत," एवढंच म्हणाल्या.

ती चार घरं झाली. दुसऱ्या दिवसापासून मामांनी गॅसचं काम बंद केलं. बोलवायला गेलेल्या प्रत्येकाला दारातूनच सांगायचे, "जमणार न्हाय. नाक न्हाय." आता लोक हसेनासे झाले होते.

वर्षभर ते कुठं दिसले नाहीत. मग एक दिवस सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून आमच्या दारात हजर. उंबऱ्यात नाक वर केलं नाही, सरळ आत आले. खोक्यातून काळ्या काचेची एक चपटी पाटी काढली आणि ओट्यावर ठेवली. इंडक्शन. एका दुकानदारानं त्यांना दाखवायला आणि विकायला दिली होती. "बाई, हिला जाळ न्हाय, नळी न्हाय, टाकी न्हाय. गळायला हिच्यात कायच न्हाय." विजेच्या शेगडीला थोरली जाऊ म्हणणारा माणूस विजेच्याच दुसऱ्या शेगडीबद्दल असा बोलत होता, जशी काही घरात धाकटी सून आली आहे.

त्या शेगडीचा एक नखरा होता. लोखंड आणि ठरावीक स्टील सोडलं तर बाकी भांड्यांना ती दाद देत नसे. नुसती पीं पीं करायची. म्हणून मामा दोरीला लोहचुंबक बांधून घरोघर फिरू लागले. चुंबक चिकटला तर भांडं पास. कॉलनीतल्या बायकांचा यात भयंकर अपमान झाला. जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली नापास, तांब्याची नापास, माहेरून आलेली पितळी पातेली नापास. "माझ्या आईनं दिलेल्या भांड्याला नापास करणारा तू कोण?" असं एकीनं विचारलं. मामा म्हणाले, "मी न्हाय, ह्यो करतोय," आणि चुंबक तिच्यापुढं धरला.

शेवटी त्यांनी जाहीर सामनाच लावला. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात एका टेबलावर तीन शेगड्या: गॅस, माझी कॉइलची आणि इंडक्शन. गॅसला मामांनी हात लावला नाही, तिथं सासूबाईंना बसवलं. तिन्हीवर सारखंच पाणी, सारखाच चहा. मामा मोठ्यानं आकडे म्हणू लागले. इंडक्शनचा चहा पहिला उकळला, तोही बऱ्याच फरकानं. मग गॅसचा. कॉइल तोवर नुकती लाल होत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी इंडक्शनवरचं पातेलं उचललं, काचेवर कागद ठेवून दाखवला, जळला नाही. पुन्हा टाळ्या. मामा त्या दिवशी पूर्वीसारखे दिसत होते.

"चहाचं ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी करून दाखव."

इथं घोळ झाला. आपला तवा खोलगट. तो काचेवर डुगडुगला आणि शेगडी पीं पीं करायला लागली. कुणीतरी सपाट तवा आणेपर्यंत अर्धा तास गेला. भाकरी तव्यावर भाजली, पण फुगवायला जाळ कुठाय? मामांनी फडक्यानं दाबून दाबून बघितली. जी तयार झाली ती सासूबाईंनी हातात घेतली, वाकवायचा प्रयत्न केला आणि निकाल दिला, "ही भाकरी न्हवं. ही पायात घालायची वस्तू हाय."

मंडप हसून हसून लोळला. मामा म्हणाले, "थांबा, दुसरी बघा," आणि दुसरी तव्यावर टाकली, तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाची ठरलेली वेळ. मामांनी ती धरूनच कार्यक्रम सकाळी लवकर ठेवला होता, पण भांड्यांच्या भांडणात उशीर झाला होता. दुसरी भाकरी कच्चीच राहिली. पलीकडं सासूबाईंनी गॅसवर तिसरी फुगवून लोकांना वाटली.

मामांनी त्या भाकरीला हात लावला नाही. इंडक्शनवरचीच तुकडा-तुकडा खात उभे राहिले. "झकास हाय," म्हणाले. "सवय पायजे."

इंडक्शन फारशा कुणी घेतल्या नाहीत. मी घेतली. प्रामाणिकपणे सांगते, चहाला आणि दुधाला तिच्यासारखी सोय नाही. दूध वर आलं की बटण दाबलं, खाली बसतं. फोडणीला आणि भाकरीला मात्र मी गॅसच वापरला. तसं मी मामांना कधी सांगितलं नाही. ते आले की गॅसच्या शेगडीवर फडकं टाकून ठेवायची.

पुढं चार वर्षांनी मामा झोपेतच गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं येऊन सासूबाईंशी तासभर भांडून गेले होते. पंधरवडा उलटल्यावर मी आणि सासूबाई त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात आम्ही पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. मामी म्हणजे हडकुळी, कमी बोलणारी बाई. दिवसभर दूध संकलनाच्या केंद्रावर कामाला जायच्या. त्यांनी चहा टाकला. ओट्यावर एकटी इंडक्शन होती. टाकी नव्हती.

"गॅस कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांनीच काढला. त्या बाळंतिणीच्या घरातनं आलं त्या दिवशी. टाकी लेकीला देऊन टाकली. वरीसभर वातीचा स्टोव्ह वापरला, ही आल्यावर त्यो बी काढून टाकला." मामी माळ्याकडं बघत म्हणाल्या. तिथं प्लॅस्टिकमध्ये बांधलेली गॅसची शेगडी होती. "मी कामाला गेल्यावर घरात ते एकटंच. म्हणायचे, नळी सुटली तर मला कळायचं न्हाय, आन् तू येऊन लाइटचं बटण दाबशील. मी म्हटलं, मला नाक हाय की. तर म्हणाले, मला बी व्हतं."

सासूबाई ओट्यावरच्या काचेकडं बघत होत्या.

"चार वर्षं त्या काचेवरची भाकरी खाल्ली त्यांनी," मामी म्हणाल्या. "दात दुखायचे. लाइट न्हाय त्या दिवशी भडंग. पर एक दिस तक्रार न्हाय. रोज म्हणायचे, झकास हाय. मला म्हाईत हाय ना, काय झकास हाय ते."

आम्ही ज्या भाकरीवर पोट धरधरून हसलो होतो, ती हा माणूस रोज ताटात घेत होता.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "उद्या टाकी आणतो. आमच्यात दुसरी हाय. मी बसवतो." मामी नको म्हणाल्या, भ्या वाटतंय म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "मी येत जाईन की रोज. हितनं हितं तर हाय."

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं टाकी पोचवली. माळ्यावरची शेगडी खाली काढली तर बर्नर चकचकीत, एकही भोक बुजलेलं नाही. वापरात नसलेली शेगडी मामा साफ करून ठेवत होते. सासूबाईंनी नळी बसवली, फेस केला, प्रत्येक जोडाला लावला. फुगा आला नाही. मग वाकून हुंगलं. मग मला हुंगायला लावलं, मग मामींना. तिघींचं एकमत झाल्यावर मामींनी काडी ओढली.

त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावरनं काढून जाळावर धरली. ती टम्म फुगली. मामींनी ती ताटात ठेवली आणि तशाच बघत उभ्या राहिल्या. वाफ जाऊन भाकरी हळूहळू खाली बसली, तरी त्यांनी हात लावला नाही.

"ते असते तर हिला एवढा येळ थांबाय लागलं नसतं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी भाकरीचे तीन तुकडे केले, आणि आम्ही तिघींनी ते तिथंच ओट्याशी उभ्यानं खाल्ले.